एकदा लिहिलं, दोनदा विकलं

विज्ञानाचं सदर चालवणाऱ्याला दोन धास्त्या असतात. मजकूर द्यायचा दिवस उजाडला आणि विषयच नाही, ही पहिली. दुसरी त्याहून वाईट. विषय आहे, लेखही झालाय, पण संपादकांना तो कळलेला नाही. मी अशाच सदरावर आयुष्य काढलं. त्यामुळे एच. जी. वेल्सचं नाव निघालं की बाकीच्यांना मंगळावरचे राक्षस आठवतात आणि मला फ्रँक हॅरिसच्या कचेरीत अवघडून बसलेला एक काटकुळा पोरगा आठवतो.

गोष्ट 1891 ची. हॅरिस तेव्हा लंडनच्या 'फोर्टनाइटली रिव्ह्यू'चा संपादक होता. वेल्सचा एक लेख त्याने जुलैमध्ये छापला होता. त्या जोरावर वेल्सने दुसरा धाडला, 'द युनिव्हर्स रिजिड'. काळ ही चौथी मिती मानली तर विश्वातलं मागचं-पुढचं सगळं आधीच जागच्या जागी ठरलेलं दिसेल, असा काहीसा युक्तिवाद त्यात होता. हॅरिसने तो न वाचताच जुळणीला दिला, मग प्रूफ वाचलं आणि लेखकाला बोलावून घेतलं. वेल्सने त्या भेटीसाठी आपली जुनी रेशमी हॅट पाण्याने पुसून चकचकीत केली होती. बाहेर ताटकळताना ती वाळली आणि तिची लव जिकडेतिकडे उभी राहिली. आत गेल्यावर ती टेबलावर ठेवली, तर संपादकाचं लक्ष आधी तिच्याकडेच गेलं! मग लेखावरून खरडपट्टी. यातलं अवाक्षर कळत नाही, तू समजावून सांग, असं हॅरिसने फर्मावलं. वेल्सला ते जमेना. जुळवलेले खिळे सोडून परत खणात गेले. पुढे 1934 साली आत्मचरित्रात त्याने हा सगळा फजितवाडा चवीने लिहिला आहे.

अशा प्रसंगानंतर बहुतेक लोक एक तर लिहिणं सोडतात, नाही तर संपादकाला शिव्या घालत बसतात. (आम्ही दुसऱ्या गटातले.) वेल्सने तिसरंच केलं. तो युक्तिवाद त्याने जेवणानंतर गप्पा मारत बसलेल्या एका शास्त्रज्ञाच्या तोंडी घातला, समोर शंका काढणारे पाहुणे बसवले, आणि 1895 मध्ये 'द टाइम मशीन' वाचकांच्या हाती पडली. मासिकातून क्रमशः छापायचे त्याला शंभर पौंड मिळाले.

पैशाचा उल्लेख मुद्दाम करतोय, कारण वेल्सचा सगळा धंदा समजायला तो लागतो. ब्रॉम्लीत बापाचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं, न चालणारं. बाप खरा क्रिकेटवाला. केंटकडून खेळताना 1862 मध्ये त्याने ससेक्सचे चार गडी लागोपाठ चार चेंडूंवर बाद केले होते, पण त्या काळी विक्रमावर घर चालत नसे. आई मोठ्या घरी हाऊसकीपर. पोराला साउथसीच्या कापडदुकानात उमेदवारीला लावलं, तिथून तो पळाला. शिष्यवृत्ती मिळवून 1884 मध्ये साउथ केन्सिंग्टनला पोचला आणि पहिल्याच वर्षी टी. एच. हक्स्लींकडे जीवशास्त्र शिकला. तिसऱ्या वर्षी भूगर्भशास्त्रात नापास झाला. पदवी 1890 मध्ये बाहेरून परीक्षा देऊन घेतली, आणि टपालाने शिकवणाऱ्या एका कॉलेजात शिकवण्या धरल्या.

मे 1893 मध्ये तोंडातून रक्त आलं. शिकवणं बंद, आता बसल्या जागी मिळेल तेच उत्पन्न. समुद्रकाठी ईस्टबोर्नला विश्रांती घेताना जे. एम. बॅरीच्या एका कादंबरीत त्याला युक्ती सापडली: छत्री, पाइप, कुंडी अशा साध्या विषयांवर लिहावं, तेच खपतं. समुद्रकाठी कसं राहावं यावर त्याने तिथल्या तिथे लेख खरडला, टाइप करायला विंडसरच्या नात्यातल्या एका बहिणीकडे धाडला, आणि 'पॉल मॉल गॅझेट'ने तो घेतला. मग मजकुराची रीघ लागली. वर्षाची कमाई 1893 मध्ये सुमारे 380 पौंड होती, 1896 मध्ये हजारावर गेली.

या काळातला त्याचा एक लेख मी नवशिक्यांना हटकून सांगायचो. 'नेचर'मध्ये त्याचा कॉलेजातला मित्र रिचर्ड ग्रेगरी सहसंपादक होता. तिथे जुलै 1894 मध्ये वेल्सने विज्ञान सोपं करून सांगणाऱ्यांची हजेरी घेतली. त्याचं म्हणणं असं की वाचक विनोदासाठी येत नाही, कोट्यवधी-अब्जावधीचे आकडे ऐकून थक्क व्हायलाही येत नाही. त्याला डोकं चालवायला कोडं हवं असतं, म्हणून शास्त्रीय लेखाची बांधणी पो आणि शेरलॉक होम्सच्या गोष्टींसारखी असावी. आमच्याकडे अजूनही 'विश्वाचा अफाट पसारा' म्हणत लेख सुरू करणारे आहेत. त्यांना हे कुणी तरी वाचून दाखवावं.

त्याच सुमाराला 'पॉल मॉल बजेट'च्या लुइस हिंडने त्याला सांगितलं, तुझं विज्ञान वापरून एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टी दे, एकेकीचे पाच गिनी. जून 1894 मधली पहिली गोष्ट कॉलऱ्याच्या जंतूंची नळी चोरणाऱ्या माथेफिरूची. जंतुशास्त्रज्ञ कोखने कलकत्त्यात तो जंतू पक्का केल्याला तेव्हा दहाच वर्षं झाली होती. बातमी अजून पुरती शिळी झाली नव्हती, तोच तिची कथा झाली. जानेवारी 1895 मध्ये 'सॅटर्डे रिव्ह्यू'त त्याने लेख लिहिला की सजीवाचं शरीर शस्त्रक्रियेने कितीही वळवता येईल. पुढच्या वर्षीच्या कादंबरीत डॉ. मोरो बेटावर तेच आपल्या पाहुण्याला समजावतो, कोंबड्याची आर बैलाच्या मानेवर रुजवल्याच्या दाखल्यासकट. याला कुणी चोरी म्हणेल. मला तर ही बचत वाटते. फरक एवढाच की लेखात ती शक्यता होती, कादंबरीत तिच्यामुळे जनावरं किंचाळतात.

पुढचं अणुबॉम्बचं प्रकरण सगळ्यांना पाठ आहे. रसायनशास्त्रज्ञ सॉडीच्या रेडियमवरच्या पुस्तकातून 1914 ची अणुबॉम्बची कादंबरी उभी राहिली, आणि ती भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डने वाचली. मला मात्र त्याआधीचा, वोकिंगमध्ये सायकल दामटत हिंडणारा वेल्स जास्त आवडतो. मंगळवाल्यांनी कुठलं घर, कुठला रस्ता उद्ध्वस्त करायचा, त्या जागा तो स्वतः जाऊन हेरून यायचा. 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळावरच्या प्रकाशाची बातमी आली तो 'नेचर'चा अंक तारखेसह दिलाय, 2 ऑगस्ट. असा अंक 1894 मध्ये खरोखर निघाला होता. आणि मंगळवाल्यांचं नुसतं डोकं आणि हात उरलेलं शरीर वर्णन करताना निवेदक म्हणतो की, माणसाचं पुढे असंच होईल असं एका अर्धवट शास्त्रीय लौकिकाच्या लेखकाने 1893 च्या अखेरीला 'पॉल मॉल बजेट'मध्ये लिहिलं होतं, आणि 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने त्याची टर उडवली होती. तो लेखक वेल्सच. नाव मात्र त्याने घातलेलं नाही.