उत्तर माहीत नसतानाचं वाचन

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण एक प्रश्न विचारतात. पेपर वाचताना सगळं इतकं सरळ वाटतं, मग स्वतः काम करायला बसलं की एवढा गोंधळ का उडतो? या प्रश्नासाठी आज एका कादंबरीचा इतिहास बघूया. कादंबरी फँटसी आहे, इंटरनेटवर प्रकरणाप्रकरणाने आली आणि लिहून होत असतानाच हजारो लोक ती वाचत होते. (शेवट सांगणार आहे, आधीच सांगून ठेवतो.)

तिचं नाव ‘हॅरी पॉटर अँड द मेथड्स ऑफ रॅशनॅलिटी’. लेखक एलिएझर युडकॉव्स्की, अमेरिकेत कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारे. ही फॅनफिक्शन आहे, म्हणजे जे. के. रोलिंग यांची पात्रं आणि त्यांचं जग घेऊन दुसऱ्याने लिहिलेली गोष्ट. पहिलं प्रकरण आलं २८ फेब्रुवारी २०१० ला (आपल्याकडचा राष्ट्रीय विज्ञान दिन, योगायोगच) आणि शेवटचं, म्हणजे १२२ वं, १४ मार्च २०१५ ला. एकूण शब्द साडेसहा लाखांच्या वर. मूळ गोष्टीतला हॅरी मावशीकडे जिन्याखालच्या खोलीत वाढतो. इथे मावशीचं लग्न ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाशी झालंय, घर पुस्तकांनी भरलंय आणि हा मुलगा जादूच्या शाळेत जातो तो डोक्यात प्रयोग घेऊनच.

क्रमशः कादंबरी काही नवी नाही. डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये दरमहा भागांत निघाली. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचकांनी आधी तिथेच, तुकड्यातुकड्याने वाचली. दोन भागांच्या मधे वाचक तर्क लढवायचे, तेव्हाही लढवत असणारच. पण ते तर्क ओट्यावर, जेवणाच्या पंगतीत बोलले गेले आणि विरून गेले. इंटरनेटवरच्या कादंबरीत फरक पडतो तो इथे. वाचकाने तर्क लिहिला की तो तारखेसकट राहतो. पुढचं प्रकरण कधी काही दिवसांनी यायचं, कधी कित्येक महिन्यांनी. तोवर कोणाला काय वाटत होतं, हे आज तपासता येतं.

ही कादंबरी वाचकाला तपासायला शिकवतेही. आठव्या प्रकरणात हॅरी हर्मायनीला एक खेळ घालतो. २-४-६ ही तीन अंकांची ओळ एका नियमात बसते. तो नियम ओळखायचा. तुम्ही तीन-तीन अंक सुचवा, मी हो किंवा नाही म्हणेन. हा खेळ मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातला आहे. बहुतेकांना वाटतं, नियम ‘दोनने वाढणारे अंक’ असा असेल. मग ते ८-१०-१२ विचारतात, हो येतं. २०-२२-२४ विचारतात, हो येतं. आणि खात्री पटते. खरा नियम एवढाच असतो, की अंक चढत्या क्रमाने हवेत. वेसन यांच्या २९ जणांपैकी फक्त ६ जणांनी पहिल्याच दाव्यात बरोबर नियम सांगितला. बाकीचे ‘हो’ गोळा करत बसले. आपला तर्क चुकीचा ठरेल असा प्रश्न, उदाहरणार्थ १-२-७, विचारणं माणसाला सहज सुचत नाही.

मग आली खरी परीक्षा. पहिल्या प्रकरणाला बरोबर ५ वर्षं झाली त्या दिवशी, २८ फेब्रुवारी २०१५ ला, ११३ वं प्रकरण आलं. हॅरी शत्रूंच्या वेढ्यात, हातात फक्त छडी, मरण समोर. आणि लेखकाने गोष्ट तिथेच थांबवून वाचकांना सांगितलं: तुम्हाला ६० तास आहेत. हॅरी वाचेल असा मार्ग सुचवा. जमलं तर कादंबरी ठरल्याप्रमाणे पुढे जाईल, नाही तर शेवट छोटा आणि दुःखद असेल. अटी कडक होत्या. बाहेरून कोणी धावून येणार नाही. हॅरीला ऐनवेळी नवी शक्ती मिळणार नाही. आतापर्यंतच्या मजकुरात जे दाखवलंय तेवढंच वापरायचं.

वाचकांनी जुनी प्रकरणं पुन्हा उघडली. एकेक उपाय मांडायचा, मग तो कुठल्या वाक्यामुळे मोडतो ते शोधायचं. बरेच उपाय असेच बाद झाले. जो टिकला त्याचं बीज २८ व्या प्रकरणात होतं. तिथे हॅरी जादूच्या सर्वमान्य नियमाविरुद्ध वस्तूचा फक्त एक भाग दुसऱ्या पदार्थात बदलायला शिकतो. ११४ व्या प्रकरणात हॅरी त्याच युक्तीने, कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या बनवून सुटतो. पूर्ण शेवट मिळाला.

आज मात्र ही कादंबरी सलग वाचायला घ्या. ११३ नंतर लगेच ११४ येतं आणि वाटतं, ‘यात काय, हे तर २८ मध्येच सांगितलं होतं!’ त्या ६० तासांत बाद झालेले उपाय पुस्तकात कुठेच दिसत नाहीत. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांनी लोकांना १८१४ च्या ब्रिटिश-गुरखा संघर्षाची माहिती वाचायला दिली, पण वेगवेगळ्या गटांना शेवट वेगवेगळा सांगितला. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून जास्त संभाव्य वाटला. निकाल कळला की आपलं आधीचं अज्ञान आपल्यालाच आठवेनासं होतं.

दुसरं टोकही बघा. डिकन्सची शेवटची कादंबरी ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ १२ भागांत व्हायची होती. ९ जून १८७० ला तो गेला, तेव्हा ६ भागांपुरताच मजकूर तयार होता. ड्रूडचं काय झालं यावर दीडशे वर्षं तर्क चालू आहेत. त्यातले काही फार हुशार आहेत. पण सातवा भाग कधीच येणार नाही, त्यामुळे डिकन्सने तो पुढे कसा लिहिला असता, हे त्यातला कोणताही तर्क सिद्ध करू शकत नाही. निव्वळ हुशारी पुरत नाही; तर्क मोडू शकेल असा पुढचा डेटा लागतो, आणि तो येण्याआधी तर्क लिहिलेला असावा लागतो.

आता सुरुवातीचा प्रश्न. छापून आलेला पेपर म्हणजे सलग वाचलेली कादंबरी. त्यातले बाद झालेले उपाय काढून टाकलेले असतात. तुम्ही लॅबमध्ये जगताय ते ११३ वं प्रकरण. तिथे गोंधळ असणारच; त्यावरून ‘मला जमत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. कितीतरी चांगली मुलं याच तुलनेपायी पहिल्या वर्षातच खचतात.

या अडचणीवर विज्ञानाने व्यवस्थाही केली आहे. माणसांवरच्या औषध-चाचण्या आधी नोंदवाव्या लागतात. भारतात त्यासाठीची नोंदवही, सीटीआरआय, २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी बंधनकारक झाली. निकाल पाहून ‘आम्ही हेच शोधत होतो’ म्हणण्याची सोय त्यामुळे कमी होते.

तुमच्यापुरतं सोपं आहे. उद्या प्रयोग लावण्याआधी वहीत तारीख घाला आणि तीन ओळी लिहा: काय होईल असं वाटतंय, का वाटतंय आणि काय दिसलं तर हा तर्क सोडून द्याल. निकाल आल्यावर त्या ओळी खोडू नका. पेपर वाचतानाही आकृती बघून थांबा, निष्कर्षाचा भाग झाका आणि आधी स्वतःचा निष्कर्ष लिहा. साठ तास नको, दहा मिनिटं पुरतात.