झाकली मूठ, उघडे सर्किट

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. कारागिरीच्या जगात ही म्हण जवळजवळ कायद्यासारखी पाळली जाते. जालन्यातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांतून जुनी सर्किटे, माहितीपुस्तिका आणि मिस्त्रींच्या आठवणी गोळा करण्याचा नाद मला फार वर्षांपासून आहे. या दुकानांत एक गोष्ट वारंवार दिसते. स्थानिक कारखानदाराने बनवलेला स्टॅबिलायझर किंवा इन्व्हर्टर उघडला, की आतल्या आयसीवरचा नंबर पॉलिशपेपरने घासून काढलेला असतो. काही ठिकाणी तर सगळ्या पट्टीवर काळे रसायन ओतून ती कायमची बुजवलेली असते.

याचे कारण विचारले की ‘नक्कल होते’ हे उत्तर ठरलेले. ते खरेही आहे, पण अर्धेच. नंबर घासला की चोरी टळते, तशीच टीकाही टळते. आतला ट्रान्झिस्टर कमी क्षमतेचा आहे, कपॅसिटर चुकीच्या व्होल्टेजचा आहे, हे कुणाला बोलूनच दाखवता येत नाही. याच इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक पंथ असा आहे, की ज्याने मूठ उघडी ठेवली आणि दोष दाखवण्याची रीतही ठरवून घेतली. तो म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे ‘हॅम’ लोकांचा. त्या रीतीचा इतिहास शोधताना मला तिचे एक टोक अमेरिकेत सापडले आणि दुसरे हैदराबादला, ज्या संस्थानात १९४८ पर्यंत आमचे जालना होते.

हिंदुस्थानात हौशी रेडिओचा पहिला परवाना १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना मिळाला. त्यांचे संकेतनाम ‘२ जेके’. त्याच वर्षी मुकुल बोस ‘२ एचक्यू’ या नावाने आले आणि दोन हौशी केंद्रांमध्ये संभाषण सुरू झाले. जून १९२३ मध्ये बॉम्बे रेडिओ क्लबने मुंबईतून कार्यक्रम प्रक्षेपित केला. सरकारी रेडिओ अजून जन्मायचा होता, आणि हौशी माणसे घरी तारा गुंडाळून आकाशात आवाज सोडत होती.

हा छंद इतर छंदांपेक्षा मुळातच वेगळा आहे. चित्रकार चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू शकतो, कवी वही कपाटात ठेवू शकतो. ट्रान्समीटर बनवणाऱ्याला ती सोय नाही. त्याने बटण दाबले की त्याचे काम शेकडो मैलांवर जाहीर होते. संच वाईट असेल तर त्याचा त्रास त्याला स्वतःला होतच नाही, तो दुसऱ्याला होतो. शिवाय आपला आवाज दूरवर कसा पोचतो, हे बनवणाऱ्याला बसल्या जागी कळत नाही. ते ऐकणाऱ्यानेच सांगावे लागते. म्हणून इथे टीका ही मेहेरबानी नव्हती की आगाऊपणाही नव्हता. ती यंत्राचाच एक भाग होती.

ती करायची कशी, यावर मात बरीच वर्षे गेली. अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था १९१४ साली हिराम पर्सी मॅक्सिम यांनी उभी केली. तिच्या ‘क्यूएसटी’ या मासिकात १९१७ पासून ‘द ओल्ड मॅन’ या टोपणनावाने एक खवचट म्हातारा लिहू लागला. बेशिस्त लहरी, खरखरीत सूर, मध्येच घुसणारे उपटसुंभ यांची तो सालटी काढी. त्याने ‘वूफ हाँग’ नावाचे एक शिक्षेचे हत्यारही कल्पिले. पुढे तसे एक लाकडी हत्यार लीगच्या कचेरीत खरोखरच पोचले. हा म्हातारा म्हणजे खुद्द मॅक्सिमच, हे वाचकांना १९३६ साली त्यांच्या मृत्यूनंतर कळले. संस्थेच्या अध्यक्षालाही सभासदांची चूक दाखवायला मुखवटा घ्यावा लागला, ही गोष्ट मला बोलकी वाटते. अशी टीका हसवते, झोंबते, पण काय दुरुस्त करायचे ते सांगत नाही.

१९२८ मध्ये पॉल सीगल यांनी हॅम मंडळींसाठी आचारसंहिता लिहिली. दुसऱ्याच्या आनंदात विघ्न येईल असे जाणूनबुजून वागू नये आणि नवशिक्याशी धीराने वागावे, हा तिचा गाभा. परंतु खरा बदल घडवला तो एका साध्या मोजपट्टीने. १९३४ साली आर्थर ब्रेटन यांनी ‘आरएसटी’ पद्धत मांडली. आर म्हणजे वाचनीयता, १ ते ५. एस म्हणजे संदेशाचा जोर, १ ते ९. टी म्हणजे सुराची शुद्धता, तीही १ ते ९. संभाषण सुरू होताच दोघांनी एकमेकांना हे तीन आकडे सांगायचे. नमस्कारानंतरचे पहिले वाक्यच समीक्षेचे!

या तीन आकड्यांतली हुशारी पाहण्यासारखी आहे. ‘तुझा संच भिकार आहे’ याने माणूस दुखावतो आणि संच आहे तसाच राहतो. ‘५७४’ म्हटले की सगळे कळते. शब्द नीट समजतात, जोर चांगला आहे, पण सुरात गुरगुर आहे. गुरगुर म्हणजे विजेच्या एसी प्रवाहाचा अंश सुरात मिसळतो आहे. म्हणजे आधी पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर तपासायचे. उलट सूर स्वच्छ आणि जोर तेवढा कमी असेल, तर बहुधा अँटेना पाहावी लागते. टीकेतच दुरुस्तीची दिशा आली. आणि ती माणसावर न होता सुरावर झाली. हे आकडे संपर्काची पावती असलेल्या ‘क्यूएसएल’ कार्डावर लिहून टपालाने येत. हॅमच्या भिंतीवर कमी आकड्यांची कार्डेही मानाने लटकत.

पुढे या पद्धतीला सभ्यतेनेच पोखरले. स्पर्धांमध्ये वेळ वाचवण्यासाठी सगळेच सगळ्यांना ‘५९९’ देऊ लागले. ऐकू आले नाही म्हणून नाव पुन्हा विचारायचे आणि लगेच पैकीच्या पैकी गुण द्यायचे, हा विनोद हॅम मंडळी स्वतःच सांगतात. ‘छान, छान’ हाही झाकल्या मुठीचाच प्रकार. आपल्या साहित्यातल्या पुस्तक-प्रकाशनांना गेलेल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात हौशी परवाने बंद झाले आणि स्वातंत्र्याच्या सुमारास पुन्हा सुरू झाले. परदेशी संच महाग, वर आयातीची कटकट. त्यामुळे लष्कराच्या मोडीतले भाग आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा हैदराबादची कोठी इथला माल यांवर देशी हॅमची भिस्त राहिली. दिल्लीहून १९६९ साली ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक निघाले आणि लहान गावांतल्या मुलांना छापील सर्किटे मिळू लागली. मला त्यात सर्किटांइतकीच मोलाची वाटतात ती वाचकांची पत्रे. अमुक रोधक तापतो, तमुक जोडणी उलटी छापली आहे, असे कुणी लिहावे आणि खाली लेखकाचे उत्तर छापून यावे. गुरू-शिष्याच्या बंद खोलीतला संवाद असा चारचौघांत आला.

या परंपरेचे सर्वांत मोठे फळ आमच्या जुन्या राजधानीत पिकले. २००३ साली हैदराबादचे हॅम अशर फरहान (संकेतनाम ‘व्हीयू२ईएसई’) यांनी ‘बिटएक्स’ नावाच्या घरगुती ट्रान्सीव्हरचे सर्किट सर्वांसाठी खुले केले. २० मीटर बँडवर, १४ मेगाहर्ट्झला, सुमारे ६ वॅट शक्ती. १० मेगाहर्ट्झचे चार क्रिस्टल, त्यात ४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर मिळवायचा, की झाले १४. तेच टप्पे ऐकताना एका दिशेने आणि बोलताना उलट दिशेने वापरायचे, म्हणून खर्च कमी. भाग सगळे गल्लीतल्या दुकानात मिळणारे. आणि कॉइल गुंडाळायला खास टोरॉइड मिळत नसेल, तर नळाचा वॉशर! सोबत प्रत्येक टप्पा असाच का ठेवला, याचे स्पष्टीकरण. जगभर लोकांनी तो बांधला, बदलला, दुसऱ्या बँडवर नेला.

कसोटी लागली ती पुढच्या पिढीच्या वेळी. डिसेंबर २०१७ मध्ये ‘मायक्रोबिटएक्स’ आला. ३ ते ३० मेगाहर्ट्झचे सगळे बँड, तयार पट्टी, किंमत १०९ डॉलर. २०१८ मध्ये मोजमापाची उपकरणे असलेल्या हॅम मंडळींनी आलेख मांडले. ७ मेगाहर्ट्झवर बोलताना १४ आणि २१ वरही नको इतका संदेश झिरपत होता, कारण फिल्टर निवडणाऱ्या रिलेंतूनच तो फिल्टरला वळसा घालून बाहेर पडत होता. आणखी एक दोष. आतली मधली वारंवारता ४५ मेगाहर्ट्झ असल्यामुळे २८ वर बोलताना १७ वर एक भूत उमटत होते, ४५ वजा २८. अमेरिकेच्या नियमानुसार असा नको असलेला संदेश मूळ संदेशापेक्षा किमान ४३ डेसिबल खाली, म्हणजे सुमारे वीस हजाराव्या हिश्शाचा असावा लागतो. १० वॅटच्या संचाला मुभा अर्ध्या मिलिवॅटची. तेवढी मर्यादा पाळली जात नव्हती.

हा वाद कीस काढण्याचा नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी तिथे संच घेऊन पोचली होती. अशा वेळी कुणाच्या संचातून गळणारा सूर दुसऱ्याचा संदेश बुडवू शकतो. दोष दाखवणे इथे कर्तव्यच ठरते.

सर्किट उघडे असल्यामुळे टीकाकारांना फक्त ‘बिघडले’ म्हणून थांबता आले नाही. कुठला रिले, कुठली तार, हे बोट ठेवून सांगावे लागले, आणि अनेकांनी बदल स्वतः करून, पुन्हा मोजून दाखवले. पाचव्या आवृत्तीत रिलेंची जोडणी बदललेली आली. तिचाही आराखडा उघडाच. सर्किट मागे घ्यावे, नंबर घासावेत, असे झाले नाही. उघडेपणाने निर्मात्याला जबाबदार केले, तसेच टीकाकारालाही.

जालन्यातली दुरुस्तीची दुकाने आता एकेक करून बंद होत आहेत. मिस्त्री गेले, त्यांच्याबरोबर घासलेल्या नंबरांची उत्तरेही गेली. ते स्टॅबिलायझर भंगारात किलोवर जातात, कारण ते दुरुस्त करायचे कसे हे सांगणारा कुणी उरलेला नाही. बिटएक्सचे वीस वर्षांपूर्वीचे सर्किट मात्र एखादी शाळकरी मुलगी आजही कोठीतून भाग आणून बांधू शकते, आणि बांधून झाल्यावर त्यातला नवा दोषही काढू शकते.