सोनीपतची ताम्रमुद्रा आणि फ्लीट यांचे संशोधन

दिल्लीच्या उत्तरेस असलेले हरियाणातील सोनीपत हे शहर आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. जुन्या ग्रंथांत त्याचा उल्लेख सोनपत असा येतो. एकोणिसाव्या शतकात येथील एका व्यापाऱ्याच्या संग्रही तांब्याची एक लंबवर्तुळाकार मुद्रा होती. वरच्या भागी बसलेला नंदी आणि खाली झिजलेल्या अक्षरांतील संस्कृत लेख, असे तिचे स्वरूप. ही सम्राट हर्षवर्धनाची (इ.स. ६०६-६४७) राजमुद्रा होय.

जॉन फेथफुल फ्लीट (१८४७-१९१७) यांनी गुप्तकालीन लेखांच्या १८८८ मधील खंडात या मुद्रेचे वाचन प्रसिद्ध केले. फ्लीट हे मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी. १८८३ ते १८८६ या काळात ते भारत सरकारचे पुरालेखतज्ज्ञ होते.

अशी मुद्रा एरवी दानपत्राच्या कडीला जोडलेली असे. सोनीपतची मुद्रा मात्र ताम्रपटावाचून सुटीच मिळाली. तरीही तिचे मोल उणे नाही. पहिला राज्यवर्धन, आदित्यवर्धन, प्रभाकरवर्धन, दुसरा राज्यवर्धन व हर्षवर्धन हा क्रम तिच्यावर कोरलेला आहे. महासेनगुप्ता व यशोमती या राण्यांची नावेही आहेत. बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'तील वर्णन काव्यमय. त्याला येथे राजाच्याच कचेरीतला पुरावा मिळतो. नर्मदेवर दुसऱ्या पुलकेशीने ज्याला रोखले, तो उत्तरेचा सम्राट हाच.

फ्लीट यांच्या खंडात एका मराठी शिक्षकाचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. गुप्त संवताचा आरंभ केव्हा, याविषयी तेव्हा तीव्र मतभेद होते. अल्बेरुनीच्या मते तो शक संवतानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला. अनेक विद्वानांना हे मान्य नव्हते. एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) यांनी गणित करून तो दिवस २१ जून ४८४ हा ठरविला. वार जुळला आणि गुप्त संवताचा आरंभ इ.स. ३१९-२० असा निश्चित झाला. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा दीक्षितांचा मराठी ग्रंथ त्यानंतरचा, १८९६ चा.

मुद्रांवरून इतिहास जुळविण्याची ही पद्धत केवळ भारतापुरती नाही. हर्षाचा समकालीन हेराक्लियस हा बायझंटाइन सम्राट. त्याच्या साम्राज्यातील अधिकारी पत्रांना शिशाची मुद्रा लावीत. पत्रे नष्ट झाली, मुद्रा उरल्या. अधिकारपदे व प्रांत यांची माहिती संशोधक त्यांतूनच गोळा करतात. आपल्याकडे वैशालीजवळील बसाढ येथे थिओडोर ब्लॉक यांना १९०३-०४ मध्ये मिळालेल्या मातीच्या मुद्रांनी गुप्तांच्या कारभाराविषयी तेच काम केले. तेथे राणी ध्रुवस्वामिनीचीही मुद्रा सापडली.

फ्लीट यांच्या खंडाची सुधारित आवृत्ती देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी सिद्ध केली. त्यांचे निधन १९५० मध्ये झाले. ग्रंथ नवी दिल्लीहून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८१ मध्ये काढला. मात्र तो आरंभीच्या गुप्त राजांपुरता मर्यादित असल्याने हर्षाच्या लेखांना त्यात स्थान नाही. हे लेख किरणकुमार थपल्याळ यांनी संपादित केले आणि १९८५ मध्ये ते दिल्लीतूनच प्रसिद्ध झाले.