आवाज आधी, चित्र मागून

यवतमाळ जिल्ह्यात मोठी खरेदी कापसाच्या चुकाऱ्यावर ठरते. दिवाळीच्या आगेमागे पहिला वेचा होतो, माल बाजारात जातो आणि मग वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवड्याच्या दुकानांत टीव्हीची किंमत मनातल्या मनात क्विंटलमध्ये मोजली जाते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तीस हजारांचा पंचावन्न इंची टीव्ही म्हणजे जवळजवळ पावणेचार क्विंटल कापूस, तोही हमीभाव खरोखर हातात पडला तर. एवढा हिशेब करून आलेले गिऱ्हाईक किमतीनंतर टीव्हीची पाठ स्वतःकडे वळवून घेते आणि विचारते, "याले आपला जुना होम थिएटर लागते का?"

हा प्रश्न पोरकट वाटेल, पण त्याचे मूळ जुने आहे. या भागात घरात आवाज आधी आला, चित्र बरेच मागून.

१६ जुलै १९४८ ला आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले तेव्हा यवतमाळ मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. रेडिओ ठेवायचा तर पोस्टात परवान्याची फी भरावी लागे. दिवाणखान्यात उंच फळी, तिच्यावर भरतकामाचे झाकण घातलेला लाकडी खोक्याचा रेडिओ, आणि त्याला हात लावायचा मान घरातल्या एकाच माणसाचा. ट्रान्झिस्टर आला आणि हाच आवाज वावरात गेला. बाजारभाव, हवामान, बातम्या, फर्माइशी गाणी, सगळे कानांनी.

चित्राचे मात्र नशीब वेगळे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. त्यांच्या स्वतःच्या तालुक्यात ते दिसायची सोय नव्हती. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही पोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला, २,४०० गावांत. ती सहा राज्ये होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता.

गंमत अशी की देशाला रंगीत टीव्ही मिळाला तो विदर्भातल्याच एका माणसाच्या हट्टातून. वसंत साठे हे नागपूरचे वकील, १९८० मध्ये शेजारच्या वर्ध्यातून लोकसभेत गेलेले. माहिती आणि नभोवाणी खाते त्यांच्याकडे होते. गरीब देशाला रंगांची चैन कशाला, अशी टीका झाली, ती त्यांनी अंगावर घेतली. १५ ऑगस्ट १९८२ ला रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ रंगात दिसले. ज्यांच्याकडे रंगीत संच होता, त्यांना. त्याच वर्षी नागपूरहूनही प्रक्षेपण सुरू झाले.

पण नागपूर ते यवतमाळ रस्त्याने दीडशे किलोमीटर. लहरी इथपर्यंत येता येता दमून जात. मग घरावर जलवाहिनीचे दोन-तीन पाइप जोडून उंच खांब, त्यावर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना, खाली बूस्टर, शेजारी व्होल्टेजचा स्टॅबिलायझर. एक जण छपरावर खांब फिरवतोय, दुसरा खालून ओरडतोय.

"आता दिसते का?"

"नाई रे, मुंग्याच हायेत!"

मुंग्या म्हणजे पडद्यावर वळवळणारे पांढरे-काळे ठिपके. १९८४ मध्ये देशभर लघुशक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहू लागली, काही महिने तर दिवसाला जवळपास एक. पुढच्याच वर्षी परवान्याची कटकटही गेली. अशी केंद्रे जवळ येत गेली तसे खांब बुटके होत गेले.

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले. ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर अख्खी आळी. पडद्याची कर्णरेषा वीस इंच, म्हणजे सोळा इंच रुंद आणि बारा इंच उंच. पुढच्या चार रांगांना चित्र, अंगणातल्या माणसांना फक्त संवाद आणि शंख. या मागच्या रांगेची आठवण ठेवल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही, कारण आवाज मोठा हवा ही तिथली गरज होती, हौस नंतरची.

ती गरज रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी भागवली. देशभरच्या छोट्या गावांसारखे इथेही टेप-डेक 'असेंबल' होत. ४४४० क्रमांकाची आयसी, ट्रान्सफॉर्मर, लाकडाचे किंवा प्लायवूडचे खोके. ज्याला खोके परवडत नसे तो मातीच्या माठाच्या तोंडावर स्पीकर बसवी. माठाच्या पोटातून ढोलकीचा ठोका असा घुमे की शेजारच्या घरातली भांडी हलावीत. कंपनीचा बिल्ला नाही, हमी नाही, पण बिघडले तर त्याच माणसाकडे जायचे.

नव्वदीत टीव्ही कंपन्यांनीही हे ओळखले. औरंगाबादजवळ संच बनवणाऱ्या व्हिडिओकॉनने 'बझूम्बा' काढला, ओनिडाने 'केवाय थंडर'. दोन्हींच्या नावातच गडगडाट. खोक्यावर शेकड्यांनी वॅट छापलेले असत, पुढे बारीक अक्षरांत 'पीएमपीओ'. हा आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा, रोजच्या आवाजाशी त्याचा संबंध नावापुरताच. तरी त्या संचांचा आवाज खरोखर भरदार होता. पिक्चर ट्यूबला मागे हातभर खोली लागे, मग त्याच पोटात मोठे स्पीकरही मावत.

सपाट पडदा आला आणि ते पोट गेले. आता पंचावन्न इंची पडदा एकशे बावीस सेंटिमीटर रुंद, अडुसष्ट उंच. रामायणाच्या काळातल्या वीस इंचीच्या जवळजवळ पावणेसातपट क्षेत्रफळ. स्पीकर मात्र काठात कोंबलेले, बहुतेकांची तोंडे जमिनीकडे. चित्र वाढले, आवाज रोडावला. म्हणून ज्याच्याकडे जुना ॲम्प्लिफायर किंवा पाच स्पीकरचा होम थिएटर आहे, त्याने टीव्हीच्या आवाजासाठी जास्तीचे पैसे मोजणे म्हणजे शुद्ध नुकसान. ते पैसे पडद्यात घालावेत.

पाठीमागे पाहायचे ते वेगळेच. एचडीएमआयच्या एका भोकावर 'एआरसी' लिहिलेले आहे का? २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून ही सोय आली. नव्या होम थिएटरला एक तार पुरते. जुन्या संचाला लाल-पांढऱ्या पिना असतील तर टीव्हीला ऑप्टिकल भोक हवे आणि मध्ये एक छोटा कन्व्हर्टर. तो स्वस्तात मिळतो, पण इथेच घोळ होतो. घरी जाऊन सगळे जोडतात, चित्र लख्ख आणि आवाज ठप्प. दोष बहुधा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. टीव्ही डॉल्बी पाठवतो, कन्व्हर्टरला ते कळत नाही. सेटिंगमध्ये 'पीसीएम' केले की घर दणाणते. आवाज ओठांच्या मागे पडत असेल तर 'ऑडिओ डिले' तपासायचा. जुनी तार खिशात घेऊन जावे आणि दुकानातच लावून पाहावे. दुकानदार कुरकुरतो, पण लावू देतो.

मोठ्या पडद्याचे अलीकडे एक बरे झाले. २०१९ पासून बत्तीस इंचापर्यंतच्या टीव्हीवर अठरा टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्यावर अठ्ठावीस. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्यावरही अठरा. कर धरण्याआधी तीस हजारांचा संच ३८,४०० चा ३५,४०० झाला. तीन हजार वाचले, म्हणजे हमीभावाने सदतीस किलो कापूस.

आता अनेक घरांत भिंतीवर पातळ पडदा असतो आणि खाली टेबलावर, भरतकामाच्या झाकणाखाली, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा काळा सब-वूफर. सिनेमा लावायच्या आधी घरातला एक माणूस उठतो, झाकण बाजूला करतो आणि आवाजाची कळ स्वतःच्या हाताने फिरवतो.