जात्यापासून पाटीपर्यंत

मैत्रिणींनो, सत्तरीच्या बाईला नातवाचं नाव पटकन आठवलं नाही, की घरात म्हणतात, "वय झालं आता." विषय तिथंच संपतो. जुन्नर-आंबेगावच्या गटांसाठी आज आम्ही या विषयाचा थोडा मागचा इतिहास सांगणार आहोत.

आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसायच्या. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं पुढं न्यायची. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीचा विठोबा, सगळं त्यात यायचं. लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सोबत्यांसह गावोगावच्या बायकांकडून या ओव्या उतरवून घेतल्या. हजाराहून जास्त गावांतून लाखाच्या वर ओव्या जमल्या. त्या सांगणाऱ्या कितीतरी जणींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं! पुढं गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. त्याचं आम्हाला दुःख नाही. ओढणाऱ्या हातांना विचारा. पण रोज आठवणं, जुळवणं आणि दोघींनी मिळून म्हणणं, तेही त्याबरोबर गेलं.

मग तरी म्हातारीच्या हातात पाटी आली का? २ ऑक्टोबर १९७८ला देशभर प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९८८ला साक्षरता मिशन आलं. दोन्हींचा भर होता १५ ते ३५ वयाच्या माणसांवर. म्हणजे साठीची बाई मोजणीतच नव्हती. म्हातारपणी शिकून काय करायचं, हाच विचार त्यामागं असावा.

त्याला उत्तर मिळालं आपल्या शेजारीच. माळशेज घाट उतरला की मुरबाड तालुका लागतो. तिथल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं आजीबाईंची शाळा भरली. साठीपुढच्या आज्या, काही तर नव्वदीच्या घरातल्या, गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या. पोथी स्वतः वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी, एवढीच आस.

डॉक्टर मंडळींचा अभ्यासही याच दिशेनं बोलतो. फिनलंड देशात ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांना घेऊन दोन वर्षांचा प्रयोग झाला. निम्म्यांना नीट आहार, व्यायाम, डोक्याला चालना देणारे सराव आणि रक्तदाबावर लक्ष असं सगळं एकत्र दिलं. त्यांची बुद्धी इतरांपेक्षा जास्त तरतरीत राहिली. २०२४मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. त्यात कमी शिक्षण आहे, तसंच बहिरेपण, कमी दिसणं, रक्तदाब, साखर, तंबाखूचा धूर आणि एकटेपणाही आहे. ऐकू येत नाही म्हणून सासूबाईंना बोलण्यातून वगळतो ना आपण, ते इथं महागात पडतं.

चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वेगळं. रोजची वाट चुकणं, भाकरी कशी थापायची हेच न सुचणं, हे "वय झालं" म्हणून सोडू नका, दवाखान्यात दाखवा. कधी बी-१२ जीवनसत्त्व कमी असतं, कधी थायरॉईडचा त्रास असतो, आणि त्यावर औषध आहे. रक्तदाब आणि साखर तपासायला आशाताईंना गटाच्या पुढच्या बैठकीलाच बोलवा. ज्यांच्या घरी अजून ओव्या येणाऱ्या सासूबाई आहेत, त्यांनी त्यांनाही घेऊन यावं.