दोघांत एक जागा आणि मालकाची थैली

बेसबॉल हा मुळी अमेरिकेचा खेळ. आपल्या खेडोपाडी तो कोणी खेळत नाही, म्हणून आधी जरा ओळख करून देतो. क्रिकेटसारखाच इथेही एकजण चेंडू टाकतो नि दुसरा तो दांडक्याने टोलवतो. मात्र चेंडूला टप्पा नाही. तो सरळ अंगाजवळून जातो. उजव्या हाताने टाकलेला वळता चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर पळतो, डावखुऱ्याकडे मात्र आत येतो, आणि त्याला तो दिसतोही चांगला. डाव्या हाताने टाकलेल्याचे नेमके उलट.

हे सर्वांनाच ठाऊक होते. पण त्यावर संघाची बांधणी करावी असे फार थोड्यांना सुचले. बोस्टनच्या ‘ब्रेव्हज’ संघाचा व्यवस्थापक जॉर्ज स्टॉलिंग्ज याला ते सुचले, ते गरजेपोटी. सन १९१४ च्या ४ जुलैला त्याचा संघ आठांत शेवटचा, पहिल्यापेक्षा तब्बल १५ सामने मागे. नाव घ्यावा असा क्षेत्ररक्षक बाहेरच्या फळीत एकही नव्हता. मग त्याने काय करावे? एका जागेवर दोन माणसे नेमली. समोर उजवा गोलंदाज असला की डाव्या बाजूला जो कॉनोली खेळायचा, डावखुरा आला की टेड कॅथर. उजव्या बाजूलाही तसेच. या युक्तीला ‘प्लाटून’ हे पलटणी नाव पुढे फार उशिरा मिळाले.

तो संघ उठला तो थेट पहिला आला, दुसऱ्यापेक्षा साडेदहा सामने पुढे! अर्थात नुसत्या या युक्तीने नव्हे. रुडॉल्फ आणि जेम्स हे त्याचे दोन गोलंदाजही त्या वर्षी विलक्षण खेळले.

अंतिम लढत होती फिलाडेल्फियाच्या ‘ॲथलेटिक्स’शी. हा चार वर्षांत तीनदा जगज्जेता झालेला संघ. त्याच्या आतल्या फळीतल्या चौघांना लोक ‘लाख डॉलरची फळी’ म्हणत. व्यवस्थापक कॉनी मॅक. उंच, सडपातळ, खेळाडूंचा गणवेश न घालता कोट-कॉलर घालून बसणारा, आणि संघाचा भागीदार मालकही. ब्रेव्हजजवळ तर मोठे मैदानसुद्धा नव्हते. बोस्टनमधले सामने त्यांनी शेजारच्या ‘रेड सॉक्स’ संघाचे मैदान मागून घेऊन खेळले.

पहिल्या सामन्यात लेस मान हा उजवा फलंदाज बाहेरच बसला होता, कारण समोर उजवा गोलंदाज बेंडर होता. दुसऱ्या दिवशी, १० ऑक्टोबरला, मॅकने डावखुरा एडी प्लँक उभा केला. लगेच मान आत आला. आठ डाव कोरे गेले. नवव्यात मानच्या टोल्यावर एक धाव निघाली, आणि सामना १-० असा बोस्टनचा झाला. पुढे चारही सामने बोस्टनने जिंकले.

आता मालकांकडे वळू. तेव्हाच्या करारात एक कलम असे, की मुदत संपली तरी खेळाडूवर जुन्या मालकाचाच हक्क. दुसऱ्याकडे जायचे तर मालकाने विकले पाहिजे. बाजारातला बैलही याहून फार वेगळा नव्हे. परंतु १९१४ साली ‘फेडरल लीग’ नावाची नवी मंडळी उभी राहिली. तिने हे कलम न जुमानता दुप्पट पगार देऊ केले. प्लँक आणि बेंडर दोघेही तिकडे गेले. लेस मानही गेला. बोस्टनला अर्धी जागा मिळायची, शिकागोत तो जवळजवळ रोज खेळला.

मॅकपाशी तेवढा पैसा नव्हता. फिलाडेल्फियात जिंकणाऱ्या संघालाही गर्दी कमी होत चालली होती. त्याने आपला सर्वोत्तम खेळाडू एडी कॉलिन्स शिकागोला ५०,००० डॉलरला विकला. १९१४ मध्ये ९९ सामने जिंकणारा संघ १९१५ मध्ये ४३ जिंकून शेवटचा आला, आणि १९१६ मध्ये तर अवघे ३६! सलग सात वर्षे तो तळाशीच राहिला.

मॅकने विकले की त्याला विकावे लागले, यावर शौकिनांत वाद झाले. मला वाटते, दोन्ही खरे. पगार वाढले होते हे खरेच. पण घर गहाण न ठेवता बैल विकायचे हे त्याने ठरवले, आणि तोटा झाला तो तिकीट काढून येणाऱ्यांचा. तिकडे बोस्टनच्या मालकाने, जेम्स गॅफनीने, १९१५ साली प्रचंड मैदान बांधले. पुढच्याच वर्षी संघ विकला नि मैदान मात्र स्वतःजवळ ठेवले. व्यवहार म्हणून तो मॅकपेक्षा शहाणा म्हणायचा!

फेडरल लीग १९१५ अखेर बुडाली. पगार पुन्हा उतरले, कलम पुन्हा घट्ट झाले. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मक्तेदारीविरुद्धचा कायदा बेसबॉलला लागू नाही. ते कलम सुटले १९७५ साली, लवादाच्या निवाड्याने.

मॅकने १९२९ ते ३१ या काळात पुन्हा अजिंक्य संघ उभारला, आणि मंदी येताच तोही एकेक करून विकला. व्यवस्थापकाच्या खुर्चीवर तो १९५० पर्यंत बसला. १९५४ मध्ये संघच विकला गेला आणि पुढच्या वर्षी फिलाडेल्फिया सोडून कॅन्सस सिटीला गेला.