सिंथेसायझरची घरगुती सर्किटे आणि त्यांची देवघेव

इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा इतिहास बहुधा नामांकित कारखाने व त्यांची पेटंटे यांच्या आधारे लिहिला जातो. या पद्धतीत हौशी कारागिरांनी घरी जुळविलेल्या सर्किटांना गौण स्थान मिळते. परंतु घटनाक्रम पाहता हे योग्य ठरत नाही. रॉबर्ट मूग यांनी १९५४ मध्ये, वयाची वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, थेरेमिन हे वाद्य घरी कसे बांधावे याविषयी एका अमेरिकन रेडिओ-मासिकात लेख लिहिला. त्यांच्या सिंथेसायझरमधील विख्यात फिल्टरचे पेटंट त्यांना १९६९ मध्ये मिळाले. देवघेव आधी आणि मालकी मागाहून, असा हा क्रम आहे.

पुढे १९७२ पासून बर्नार्ड हचिन्स यांनी इथाका येथून ‘इलेक्ट्रोनोट्स’ हे पत्रक काढून अशा सर्किटांची चर्चा चालविली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील कॅलआर्ट्स या संस्थेत सर्ज चेरेप्निन यांच्याभोवती जमलेल्या विद्यार्थ्यांनी व सहकाऱ्यांनी वर्गणी काढून, स्वतः सोल्डरिंग करून आपापली वाद्ये सिद्ध केली. महागड्या वाद्याजवळ बसण्याची पाळी येईपर्यंत वाट पाहण्याचे कारण त्यांना उरले नाही.

आता प्रश्न असा की, आकृती छापून मिळत असता तयार सर्किट बोर्ड वाटण्याचे प्रयोजन काय? याचे उत्तर वाद्याच्या रचनेतच आहे. यातील बहुतेक वाद्यांत विद्युत्दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर चढतो. हे कार्य ट्रान्झिस्टरच्या ज्या गुणधर्मावर चालते, तो तापमानाबरोबर बदलतो व स्वर ढळतो. म्हणून जुळणारे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांस चिकटवून बसवावे लागतात. कोणता भाग कोठे बसवावा, ही जाण आकृतीत सहसा उतरत नाही. ती बोर्डात उतरते. बोर्ड देणे म्हणजे अनुभव देणे होय.

मेकर फेअरचा पहिला मेळावा २००६ मध्ये सॅन मातेओ येथे भरला. अशा मेळाव्यांतील देवघेवीस एक व्यावहारिक कारणही आहे. कारखाना एकच बोर्ड सहसा करून देत नाही; पाच-दहा करवून घ्यावे लागतात, आणि उरलेले साहजिकच स्नेह्यांच्या हाती जातात. पॅरिस येथील एमिली जिले यांनी तर आपल्या ‘म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स’च्या आकृत्या व आराखडे सर्वांस खुले केले. २०२२ मध्ये तो व्यवसाय बंद झाला, तथापि त्या रचनांची वाद्ये इतरांच्या हातून आजही घडत आहेत.

कारखाना बुडाला तरी वाटलेली विद्या बुडत नाही, हा याचा इत्यर्थ. अशा पुष्कळशा बोर्डांवर कर्त्याचे नाव, आवृत्ती व वर्ष छापलेले असते. या दृष्टीने ते अस्सल ऐतिहासिक साधन ठरतात. वाद्य मोडल्यावर ते केरात जातात. त्यांचा संग्रह करणे हे संग्रहालयांचे कर्तव्य आहे. एरवी भावी इतिहासकारापुढे केवळ पेटंटांची दप्तरे उरतील.